केबल पंचायतीपर्यंत, पुढे कोण नेणार?

गावोगाव ब्रॉडबँड इंटरनेट नेण्यासाठी केंद्र सरकारने जो पैसा बाजूला काढला आहे, तो कोणाच्या मेहेरबानीचा नाही. तो तुमच्या-आमच्या फोनच्या बिलातून गेला आहे आणि अजूनही जातो आहे. मग खानापूर तालुक्याच्या जंगलपट्टीतील मराठी गावांना रेंज शोधत टेकडी का चढावी लागते? हा प्रश्न आम्ही सरकारला तर विचारतोच, पण बेळगाव, शहापूर, टिळकवाडी येथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपल्या घराण्यांनाही विचारतो. कारण आपल्यापैकी कित्येकांची शेती, कुलदैवत आणि भाऊबंद याच गावांत आहेत. शहरातल्या घरात वायफाय लागले म्हणजे गावचा प्रश्न सुटला, असे होत नाही.

पैसा कोणाचा?

१९९९ च्या नव्या दूरसंचार धोरणात एक तत्त्व मान्य झाले. कंपनीला जिथे नफा दिसत नाही तिथेही फोन पोहोचला पाहिजे आणि त्याचा खर्च सगळ्यांनी मिळून उचलला पाहिजे. त्यातून १ एप्रिल २००२ पासून सार्वत्रिक सेवा दायित्व निधी सुरू झाला. पुढे टेलिग्राफ कायद्यात दुरुस्ती करून त्याला कायद्याचा आधार देण्यात आला. टेलिफोन कंपन्यांच्या समायोजित महसुलातील ५ टक्के रक्कम या निधीसाठी घेतली जाते. कंपनी ती पदरची भरत नाही, ग्राहकाकडूनच वसूल करते. खडेबाजारातला दुकानदार रिचार्ज करतो तेव्हा त्यातला एक वाटा दुर्गम गावांच्या नावाने निघतो. गोव्यात कामाला गेलेला आमगावचा तरुण रिचार्ज करतो तेव्हाही निघतो. म्हणजे ज्याच्या गावात फोन लागत नाही, तोही फोन पोहोचवण्याचे पैसे भरतोच आहे!

२०२३ च्या दूरसंचार कायद्याने या निधीचे नाव ‘डिजिटल भारत निधी’ केले. नाव बदलले तरी पैसा तोच. वसूल झालेली सगळी रक्कम निधीत वर्ग होत नाही, असे देशाच्या महालेखापरीक्षकांनी एकाहून अधिक वेळा नोंदवले आहे. तेव्हा ‘पैसा नाही’ हे कारण कोणी पुढे करू नये. पैसा आहे आणि तो याच कामासाठी आहे. तो योग्य गावात पोहोचत नाही, ही आमची तक्रार आहे.

मुदतींची माळ

२५ ऑक्टोबर २०११ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याची योजना मंजूर केली. सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती फायबर केबलने जोडायच्या, अंदाजे खर्च २० हजार कोटी रुपये, आणि काम दोन वर्षांत पुरे, असा तो बेत होता. २०१५ मध्ये या योजनेला ‘भारतनेट’ असे नवे नाव मिळाले. एक लाख पंचायतींचा पहिला टप्पा पुरा झाल्याचे जाहीर व्हायला डिसेंबर २०१७ उजाडला. दुसरा टप्पा जुलै २०१७ मध्ये मंजूर झाला, मुदत मार्च २०१९ होती. दोन्ही टप्प्यांची मंजूर रक्कम ४२,०६८ कोटींवर गेली. ती मुदतही टळली.

१५ ऑगस्ट २०२० रोजी लाल किल्ल्यावरून घोषणा झाली की हजार दिवसांत देशातील सहा लाख गावे फायबरने जोडू. ते हजार दिवस मे २०२३ मध्ये संपले. मधल्या काळात, ३० जून २०२१ रोजी, कर्नाटकासह १६ राज्यांचे काम खासगी कंपन्यांच्या भागीदारीने करायचे ठरले. त्यासाठी सरकारने १९,०४१ कोटी रुपयांचे अर्थसाहाय्य देऊ केले. निविदा निघाल्या आणि एकही बोली आली नाही. २०२२ मध्ये तो नाद सोडावा लागला. ज्यांना ‘खासगी कंपन्यांना द्या, सगळे सुरळीत होईल’ असे वाटते, त्यांनी ही गोष्ट विसरू नये. एवढा पैसा पुढे धरूनही कोणी आले नाही, कारण खेड्यात वर्षानुवर्षे केबल राखण्यात त्यांना फायदा दिसला नाही.

अखेर ऑगस्ट २०२३ मध्ये ‘सुधारित भारतनेट’ला मंजुरी मिळाली. रक्कम १,३९,५७९ कोटी रुपये. २० हजार कोटींपासून निघालेली ही वरात इथवर आली आहे. यात एका पक्षाला दोष देऊन भागणार नाही. २०११ चे सरकार एका पक्षाचे होते, २०१४ नंतरचे दुसऱ्याचे. मुदती दोघांच्याही टळल्या. महाराष्ट्राने दुसऱ्या टप्प्याचे काम महाआयटीमार्फत स्वतःकडे घेतले होते, तिथेही ठरलेल्या मुदती पाळल्या गेल्या नाहीत. म्हणून ‘आपण महाराष्ट्रात असतो तर’ एवढे म्हणून सुस्कारा सोडणे हे या प्रश्नाचे उत्तर नव्हे.

चुकले कुठे?

मोजमाप चुकले. किती किलोमीटर केबल टाकली आणि किती पंचायती ‘सेवेसाठी सज्ज’ झाल्या, याचे आकडे दिल्लीला जात राहिले. त्या केबलमधून आज इंटरनेट चालू आहे का, गावात किती घरांत ते पोहोचले, बंद पडल्यावर किती दिवसांत दुरुस्त झाले, याला महत्त्व नव्हते. जुनी केबल एका ओळीत टाकली होती. रस्ता रुंद करताना जेसीबीने ती एका जागी तोडली की पुढच्या सगळ्या पंचायती बंद. पंचायतीच्या भिंतीवर पेटी बसली, पण वीज गेली की पेटी बंद. बॅटरी बाद झाली तर नवी कोणी आणायची, याचे उत्तर पंचायतीकडे नाही आणि केबलवाल्याकडेही नाही. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!

नव्या योजनेने या चुका कागदावर तरी मान्य केल्या आहेत. केबल आता ओळीत न टाकता कड्याच्या रचनेत टाकायची, म्हणजे एका बाजूने तुटली तरी दुसऱ्या बाजूने सेवा चालू राहील. ठेकेदाराने नुसती केबल टाकून जायचे नाही, दहा वर्षे ती चालवायची आणि राखायची. दीड कोटी घरांत फायबरचे कनेक्शन द्यायचे. गावातल्याच तरुणाला उद्योजक म्हणून नेमून उत्पन्नाचा वाटा द्यायचा. हे सगळे चांगले आहे. पण याच योजनेत एक शब्द असा आहे की जो वाचून आपण सावध झाले पाहिजे.

‘मागणीनुसार’

योजनेत २.६४ लाख ग्रामपंचायतींना केबल मिळणार आहे. पंचायतीचे ठिकाण नसलेली जी सुमारे ३.८ लाख गावे उरतात, त्यांना ती मिळणार आहे ‘मागणीनुसार’. याचा सरळ अर्थ असा की ज्या गावाने मागितले नाही त्याला मिळणार नाही. आणि तसे झाले तर कोणाला जाबही विचारता येणार नाही. ‘तुम्ही मागणी केली नव्हती’ हे उत्तर तयार आहे.

आपल्या भागाला हा शब्द किती महाग पडेल, ते पाहा. कर्नाटकात सुमारे ६ हजार ग्रामपंचायती आहेत आणि वस्ती असलेली गावे २७ हजारांवर. म्हणजे सरासरीने एका पंचायतीखाली चार-पाच गावे येतात. खानापूरच्या पश्चिम भागात तर वाड्या-वस्त्या एकमेकींपासून जंगलाने आणि नाल्यांनी तुटलेल्या आहेत. पंचायतीच्या कार्यालयात केबल आली म्हणजे त्या पंचायतीतल्या शेवटच्या वाडीला इंटरनेट मिळाले, असे कोणी म्हणत असेल तर त्याने पावसाळ्यात एकदा त्या वाडीवर जाऊन यावे. दिल्लीच्या तक्त्यात मात्र ती पंचायत ‘जोडलेली’ म्हणून हिरवी दिसते.

रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, ही म्हण सरकारला तर दुप्पट लागू आहे.

‘मोबाइल आहे की!’

आमचे काही शहरी मित्र म्हणतात, आता सगळ्यांकडे मोबाइल आहे, केबल कशाला? मोबाइलचा टॉवरही हवेवर चालत नाही. त्यालाही मागून फायबर नाही तर मायक्रोवेव्हची जोडणी लागते. ती कमजोर असली की फोनवर रेंजच्या चार काड्या दिसतात आणि फॉर्मचे एक पान उघडत नाही. शिवाय टॉवर कुठे उभारायचा हे कंपनी गिऱ्हाईक मोजून ठरवते. जुलै २०२२ मध्ये केंद्राने सेवा न पोहोचलेल्या २४,६८० गावांत फोर-जी नेण्यासाठी २६,३१६ कोटी रुपये मंजूर केले आणि ते काम बीएसएनएलकडे दिले. म्हणजे बाजाराच्या भरवशावर हजारो गावे राहून गेली, हे सरकारनेच मान्य केले.

दुसरे म्हणणे असे की खेड्यात इंटरनेट म्हणजे पोरांनी व्हिडिओ बघत बसणे. असे म्हणणाऱ्यांनी गेल्या काही वर्षांत सरकारने काय काय ऑनलाइन केले, त्याची यादी करावी. जमिनीचा उतारा २००१ च्या सुमारास ‘भूमी’ योजनेत संगणकावर गेला. पंचायतीच्या हद्दीतील घरांचे उतारे ई-स्वत्तूवर गेले. रेशनला अंगठ्याची पडताळणी आली. रोजगार हमीच्या मजुरांची हजेरी १ जानेवारी २०२३ पासून मोबाइल ॲपवर फोटो काढून देणे सक्तीचे झाले. २०२३ च्या जुलैत गृहलक्ष्मी योजनेची नोंदणी सुरू झाली तीही ऑनलाइन. सरकारने आपली खिडकी बंद करून पडद्यावर उघडली. मग पडदा गावात नेण्याचे कर्तव्य कोणाचे? ज्याने खिडकी बंद केली त्याचे!

एका उताऱ्यासाठी म्हाताऱ्या माणसाने दिवसाची मजुरी बुडवायची, एसटीला पैसे घालायचे, तालुक्याला जायचे आणि ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ हे ऐकून परत यायचे. हा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. तो गरिबाच्या खिशातून जातो.

शिक्षणाचे २०२० साली काय झाले ते सगळ्यांना आठवते. शाळा बंद, वर्ग फोनवर, आणि गावात रेंज नाही. शहरातल्या मुलाची अडचण काही दिवसांत सुटली, जंगलपट्टीतल्या मुलाचे वर्ष गेले. जुलै २०२४ मध्ये आमगावच्या एका आजारी महिलेला गावकऱ्यांनी डोलीसारखे करून भर पावसात काही किलोमीटर वाहून आणले, ही बातमी राज्यभर गाजली. तिथे पहिली गरज रस्त्याची आणि पुलाची, यात शंका नाही. पण १०८ ची गाडी बोलवायलाही आधी फोन लागावा लागतो.

न्यायालयांनीही या बाबतीत मौन धरलेले नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने इंटरनेट मिळण्याचा हक्क शिक्षणाच्या हक्काशी जोडला. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा मिळण्याचा हक्क हा घटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले. केरळ सरकारने केंद्राची वाट न पाहता वीजमंडळाच्या खांबांवरून स्वतःचे फायबर जाळे नेले आणि जून २०२३ मध्ये ‘केफॉन’ सुरू केले. ठरवलेल्या सगळ्या घरांत ते अजून पोहोचलेले नाही, हेही खरे. पण विजेचा खांब जिथे गेला तिथे केबल जाऊ शकते, ही साधी गोष्ट त्यांनी करून दाखवली. विजेचे खांब आपल्याकडेही आहेत.

जंगलाचे कारण

आमगाव, गवाळी, कोंगळे, पास्तोली, कृष्णापूर अशा गावांबद्दल बोलायला गेले की अधिकारी एक ठरलेले उत्तर देतात: ‘भीमगड अभयारण्य आहे, वनखात्याची परवानगी नाही.’ अभयारण्य २०११ मध्ये जाहीर झाले. गावे त्याच्या कितीतरी आधीपासून तिथे आहेत. आणि हे उत्तर अपुरे आहे.

२००६ चा वनहक्क कायदा उघडून पाहा. त्याच्या कलम ३, पोटकलम २ मध्ये वनजमिनीवर ज्या १३ सार्वजनिक सोयी करता येतात त्यांची यादी दिली आहे. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रस्ता यांच्याबरोबरच त्या यादीत वीज आणि दूरसंचाराच्या तारा स्पष्ट लिहिलेल्या आहेत. अटी अशा: एका ठिकाणी एक हेक्टरपेक्षा कमी जमीन लागावी, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडे तोडली जाऊ नयेत, आणि ग्रामसभेने त्या कामाची शिफारस करावी. चालू रस्त्याच्या कडेने किंवा असलेल्या खांबांवरून केबल नेताना या अटी पाळणे अवघड नाही. ज्या टोकाच्या वस्तीवर केबल खरोखरच जाऊ शकत नाही, तिथे उपग्रहाची जोडणी देता येते. देशातील दुर्गम पंचायतींसाठी भारतनेटने ती वापरलेली आहे.

आम्ही जंगलाच्या विरोधात नाही. आपल्या नद्यांचे पाणी त्याच जंगलात आहे. अभयारण्यातून बाहेर पडून दुसरीकडे राहायला जायचे की नाही, हेही त्या त्या गावाने स्वतःच्या इच्छेने ठरवायचे आहे. तळेवाडीच्या कुटुंबांनी २०२५ मध्ये तसा निर्णय घेतला. पण सोयी नाकारून गावाला कंटाळून उठवायचे आणि मग ‘लोक स्वतःहून गेले’ म्हणायचे, हे आम्हाला मान्य नाही. जो राहील त्याला सेवा मिळालीच पाहिजे.

भाषेचे काय?

केबल आली आणि पडद्यावरचा एकही शब्द आपल्या माणसाला वाचता आला नाही, तर तो पुन्हा दलालाच्याच दारात जाणार. उतारा कन्नडमध्ये, अर्ज कन्नड किंवा इंग्रजीत. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांहून अधिक आहेत तिथे महत्त्वाच्या सूचना व नियम त्यांच्या भाषेत द्यावेत, हे तत्त्व केंद्राने फार पूर्वी मान्य केलेले आहे. कागदावर छापताना खर्चाचे कारण तरी सांगता येत होते. संगणकाच्या पडद्यावर भाषेचा आणखी एक पर्याय ठेवायला किती खर्च येतो? ही मागणी इंटरनेटच्या मागणीबरोबरच गेली पाहिजे.

दुसरी बाजूही आहे. मराठी शाळेतल्या मुलाला गावात मराठी पुस्तक मिळणे अवघड झाले आहे. चालू इंटरनेट असेल तर बालभारतीची पुस्तके त्याला फुकट उघडता येतात, मराठी विश्वकोश वाचता येतो. भाषा टिकवण्याची भाषणे आपण खूप केली. खेड्यातल्या एका मराठी शाळेत चांगले कनेक्शन देणे हे त्यातल्या कित्येक भाषणांहून मोठे काम आहे.

आणि हा प्रश्न मराठी विरुद्ध कन्नड असा नाही. त्याच जंगलात कन्नड बोलणाऱ्यांच्या वाड्या आहेत, गवळी-धनगरांच्या वस्त्या आहेत. त्यांनाही रेंज नाही. ठराव सगळ्यांनी मिळून केला तर त्याचे वजन वाढेल.

आता काय करायचे?

सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल लागायचा तेव्हा लागेल. तोवर खानापूरच्या मुलांनी टेकडीवर बसून अभ्यास करायचा का? आमचे उत्तर ‘नाही’ असे आहे. ज्या राज्यात आज आपण कर भरतो त्या राज्याकडून आणि केंद्राकडून आपला वाटा वसूल करणे म्हणजे आपली मूळ मागणी सोडणे नव्हे. त्यासाठी पुढील कामे प्रत्येक गावाने हाती घ्यावीत.

१. येत्या वॉर्डसभेत आणि ग्रामसभेत ठराव मांडावा. पंचायतीखालच्या प्रत्येक गावाचे आणि वाडीचे नाव घालून ‘सुधारित भारतनेट योजनेतून या गावाची कनेक्शनची मागणी आहे’ असे स्पष्ट लिहून घ्यावे. ठरावाची नक्कल पीडीओकडून सही-शिक्क्यानिशी घ्यावी आणि बीएसएनएल, जिल्हा पंचायत व खासदार यांना पोचपावतीने पाठवावी.

२. वनहद्दीतील गावांनी त्याच सभेत वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) खाली दूरसंचार तारांची वेगळी शिफारस करावी.

३. माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपये भरून चार प्रश्न विचारावेत: आमच्या पंचायतीत केबल कधी आली? गेल्या वर्षभरात ती किती दिवस चालू होती? तिच्यावरून किती घरांना आणि शाळांना कनेक्शन दिले? दुरुस्तीची जबाबदारी कोणाची? उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते.

४. पंचायतीने इंटरनेट बंद पडल्याच्या दिवसांची एक वही ठेवावी. तारीख, वेळ, तक्रार कोणाला केली आणि कधी चालू झाले. दिल्लीच्या हिरव्या तक्त्याला उत्तर द्यायला ही वही पुरे आहे.

५. शहरातल्या घराण्यांनी आपापल्या मूळ गावच्या ग्रामसभेची तारीख माहीत करून घ्यावी. अर्ज लिहायला, कायद्याचे कलम शोधायला, कचेरीत पाठपुरावा करायला आपल्यात वकील आहेत, निवृत्त अधिकारी आहेत, संगणकात काम करणारी मुले आहेत. जत्रेला आपण गावी जातोच, या वर्षी एकदा ग्रामसभेलाही जाऊया.

लोकप्रतिनिधींना आमचे एवढेच सांगणे आहे. मते मागायला याल तेव्हा किती किलोमीटर केबल टाकली हे सांगू नका. त्या दिवशी आमच्या शेवटच्या वाडीत उभे राहून तुमच्याच फोनवरून एक उतारा काढून दाखवा. तो निघाला तर पुढचे बोलू.

पैसा आमचा आहे, योजना मंजूर आहे, कायदा आमच्या बाजूने आहे. राहिली आहे ती फक्त मागणी. ती तोंडी नको, लेखी करा आणि तिची पोच जपून ठेवा.